पंचनाम्यानंतर घरात कोण येतं

मागच्या आठवड्यात दुपारच्या वेळी दुकानात एक मावशी आल्या, पन्नाशीच्या असतील, पदराखाली कागद घट्ट दाबून धरलेले. झेरॉक्स कितीला म्हणल्या, मी हात पुढं केला तर कागद काही देईनात. मागं दोन पोरं उभी होती पीकविम्याची पावती काढायला आणि त्यांचं लक्ष सगळं इकडंच. मी म्हणलं मावशी, पालथा द्या, तसाच मशीनवर ठेवतो, वाचत नाही. मग दिला. एफआयआरची कॉपी होती, चार पानं, वर ठाण्याचा शिक्का. चारही पानं पालथी घेतली, निघालेल्या कॉप्या पण पालथ्याच उचलून दिल्या, पैसे घेतले नाहीत. त्या निघाल्या तेव्हा एवढंच विचारलं की मावशी, कोर्टात विधी सेवावाल्यांकडं जाऊन आलात का. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणल्या, ते काय असतं?

वर्षभरापूर्वी मी पण हेच विचारलं होतं. म्हणून, गुन्ह्यात मार बसलेल्याला आणि त्याच्या घरच्यांना कुठं काय मदत मिळते, हे लिहायला बसलोय. माझ्या बहिणीवर, अक्कावर हे बेतलं, तिला विचारलं लिहू का, ती म्हणली गावाचं नाव टाकू नको, बाकी समदं लिही, कुणाच्या तरी कामाला येईल.

तर झालं असं की नोव्हेंबर २०२४ मध्ये, अंबाजोगाईपासून थोड्या अंतरावर अक्काचं शेत आहे तिथं, सकाळी साडेदहाच्या सुमाराला अक्का आणि दाजी कापूस वेचत होते. बांधाचं भांडण जुनं होतं, भावकीतल्याच एकानं ट्रॅक्टर घालून दोन तास बांध कोरला होता आणि दाजींनी मोजणीला अर्ज दिला होता, एवढंच. तो माणूस कोयता घेऊन आला. ऊसतोडीचा कोयता, आमच्या बीड जिल्ह्यात घराघरात असतो तसला. दाजींनी डोक्यावर हात धरला म्हणून जीव वाचला, वार मनगटावर आणि तीन बोटांवर बसला. अक्का मधी पडली, तिच्या डोक्यावर आणि खांद्यावर. डोक्याला चौदा टाके पडले आणि खांद्याचं हाड मोडलं. तो पळून गेल्यावर अक्कानं ओटीत वेचलेला कापूस होता तोच मूठभर काढून दाजींच्या हातावर दाबला आणि पदरानं बांधला, आणि स्वतःच्या डोक्यातून रक्त वाहतंय हे तिला रस्त्यावर येईपर्यंत कळलं नाही. नंतर डॉक्टर जखम धूत होते तेव्हा त्यातून सरकी निघाली. नर्सनं ती ट्रेमध्ये टाकली तो टक् आवाज मला अजून ऐकू येतो.

अंबाजोगाईच्या स्वाराती रुग्णालयात पहिले उपचार झाले, ड्युटीवरच्या पोरांनी जीव तोडून काम केलं, त्यांचे उपकार फिटणार नाहीत. पण हाताच्या शिरा जोडायचं ऑपरेशन लवकर व्हायला पाहिजे म्हणून आम्ही दाजींना पुढं एका खाजगी दवाखान्यात नेलं, आणि तिथं काउंटरवर आधी पन्नास हजार भरा आणि पोलिसांचं पत्र आणा मगच बघतो असं ऐकावं लागलं. मी बाहेर उभं राहून एकामागं एक फोन करत होतो आणि दाजी स्ट्रेचरवर. आता मला माहिती आहे की सुप्रीम कोर्टानं १९८९ सालीच परमानंद कटारा केसमध्ये सांगितलंय की सरकारी असो का खाजगी, कुठल्याही डॉक्टरनं जखमीला आधी वाचवायचं, पोलिसांची कागदं मागाहून. तेव्हा माहीत असतं तर मी त्या काउंटरवर वेगळा बोललो असतो. आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं पण तसंच, योजनेतला दवाखाना असेल तर आत शिरल्या शिरल्या आरोग्यमित्र कुठं बसतो हे विचारायचं आणि रेशनकार्ड आधार पुढं ठेवायचं, १५५३८८ हा त्यांचा नंबर आहे. मी रोज दुसऱ्यांची आयुष्मान कार्डं काढून देतो आणि त्या दिवशी माझ्या डोक्यात ते आलंच नाही. घाबरलेल्या माणसाला काहीच आठवत नाही, म्हणून सोबत एक जण असा पाहिजे ज्याच्या घरात हे झालेलं नाही.

पहिले तेरा चौदा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. पोलीस आले, पंचनामा झाला, रक्तानं भिजलेली अक्काची साडी मुद्देमालात गेली, पत्रकार आले, पुढारी आले, फोटो झाला. प्रत्येकजण दोनच गोष्टी विचारायचा, आरोपी सापडला का आणि कलम कोणतं लागलं. मला त्यांचा राग नाही, आपल्याकडं न्याय म्हणलं की लोकांच्या डोळ्यापुढं आरोपीच येतो, त्याला जन्मठेप का फाशी. पण शेतात कापूस फुटून लोंबत होता, अक्काची दोन लेकरं माझ्या बायकोकडं झोपत होती, दाजींच्या उजव्या हाताला प्लास्टर, आणि बँकेचा हप्ता डिसेंबरात. हे कुणी विचारलं नाही, एक गल्लीतल्या बायका सोडून. त्यांनी आपसात ठरवून सावड केली आणि तीन दिवसात कापूस वेचून घरात आणून टाकला. न बोलता. त्यातल्या दोघींची आमच्याशी आदल्या वर्षीपर्यंत बोलाचाली नव्हती.

मग रस्ता कसा सापडला ते सांगतो. नोव्हेंबर म्हणजे आमच्या दुकानात पेन्शनवाल्यांची गर्दी, हयातीचा दाखला काढायला. कोर्टातून रिटायर झालेले एक काका दरवर्षी येतात. बोटाचा ठसा काही उमटेना म्हणून त्यांना बसवून ठेवलं होतं, तेवढ्यात त्यांनी अक्काचं विचारलं, मी सगळं सांगितलं. ते म्हणले, विधी सेवा प्राधिकरणात अर्ज दिला का? मी म्हणलं काका, केसला सरकारी वकील आहे, आम्हाला काय करायचंय. तर म्हणले, अरे सरकारी वकील सरकारचा, तो आरोपीच्या विरोधात उभा राहतो, तुझ्या बहिणीच्या बाजूनं कोण उभंय? तिच्या दवाखान्याचं, तिच्या घराचं कोण बघणारंय?

त्या एका वाक्यावर मी दुसऱ्या दिवशी बीडला गेलो.

जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, प्रत्येक जिल्ह्यात, आणि तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती. बाहेरून बघितलं तर लोक अदालतीचा बोर्ड आणि चार खुर्च्या, आत काय मिळतं ते भिंतीवरून कळत नाही. तिथल्या मॅडमनी मला जे समजावलं ते माझ्या भाषेत असं. आपल्या देशात गुन्हा हा सरकारविरुद्ध धरतात, त्यामुळं ज्याला मार लागला तो खटल्यात नुसता साक्षीदार होऊन बसतो. हे बरोबर नाही म्हणून २००८ साली कायद्यात दुरुस्ती झाली, ३१ डिसेंबर २००९ पासून ती लागू आहे, जुन्या सीआरपीसीचं म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३५७ अ, आणि १ जुलै २०२४ पासून जो नवा कायदा आलाय, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्यात ते कलम ३९६ झालंय. त्याप्रमाणं प्रत्येक राज्यानं पीडितांसाठी भरपाईची योजना ठेवायची. पैसे सरकार देतं, आरोपीकडून येत नाहीत. त्याच्याकडं दमडी नसली तरी, तो सापडलाच नाही तरी. आरोपीचा पत्ताच नसेल आणि खटलाच उभा राहणार नसेल तर घरच्यांना थेट प्राधिकरणात अर्ज देता येतो. आणि मला सगळ्यात जास्त दिलासा देणारं वाक्य हे होतं की आरोपी निर्दोष सुटला तरी पीडिताला सावरायला मदतीची गरज आहे असं कोर्टाला वाटलं तर ते भरपाईची शिफारस करू शकतं. म्हणजे आमचं दुःख खरं होतं का खोटं हे त्याच्या निकालावर टांगलेलं नाही.

अक्का बाई म्हणून तिच्यासाठी वेगळी योजना निघाली, नालसाची म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची २०१८ ची, सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून केलेली. लोकांना वाटतं ती फक्त अत्याचाराच्या केसेससाठी आहे, पण तिच्या नावातच इतर गुन्हे असा शब्द आहे आणि त्यात गंभीर शारीरिक इजा किंवा सावरायला मदत लागेल अशी मानसिक इजा झाली तर १ ते २ लाखापर्यंतची तरतूद आहे, हातपाय गेला तर त्याहून जास्त, जीव गेला तर घरच्यांना ५ ते १० लाख. मानसिक इजा हा शब्द सरकारी कागदावर छापलेला बघून मी तिथंच दोनदा वाचला. निकालापर्यंत थांबावं लागत नाही, आधी अंतरिम मदत मागता येते. घटनेपासून नाहीतर खटला संपल्यापासून ३ वर्षाच्या आत अर्ज द्यायचा. उशीर झाला तर कारण लिहून द्या, पण द्या.

दाजींचं वेगळ्या वाटेनं झालं. प्राधिकरणानं जो वकील दिला त्यांनी कोर्टापुढं अर्ज ठेवला, सुप्रीम कोर्टानं २०१४ साली एका निकालात सांगितलंय की केस हातात घेताच जखमीला ताबडतोब मदत लागते का हे कोर्टानं स्वतःहून बघितलं पाहिजे, त्याचा आधार घेतला. हा वकील फुकट मिळतो बरं का. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात बाई असेल, लेकरू असेल, अनुसूचित जाती जमातीचा माणूस असेल तर त्याचं उत्पन्न विचारतच नाहीत, बाकीच्यांना आपल्या राज्यात ३ लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला लागतो. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० लावा.

कागदं कोणती लागली ते मी व्यवसायानं सांगू शकतो. एफआयआरची कॉपी, ही तक्रार देणाऱ्याला फुकट मिळते, नव्या कायद्यात तर तक्रारदार किंवा पीडित असं स्पष्ट लिहिलंय, तरी मला एका ठाण्यात तीन चकरा मारायला लावल्या, साहेब बंदोबस्तावर, प्रिंटर बंद, उद्या या. दवाखान्याचं एमएलसी म्हणजे पोलीस केसच्या जखमीची तिथली नोंद आणि इजा प्रमाणपत्र, डिस्चार्ज कार्ड, झालेल्या खर्चाची बिलं, आधार, पासबुक. बिलं जपा बाबांनो. मेडिकलची ती पातळ पावती दोन महिन्यात पांढरी होते, अक्षरं उडून जातात, माझ्या खिशातल्या सात पावत्या अशाच गेल्या. त्याच दिवशी झेरॉक्स काढा नाहीतर मोबाईलवर फोटो काढून ठेवा. आणि हाताची कायमची हानी झाली असेल तर सिव्हिलला जाऊन अपंगत्वाची टक्केवारी लिहून घ्या, रक्कम त्या टक्क्यावर ठरते.

अक्काचा अर्ज मंजूर व्हायला वेळ लागला, पण अंतरिम रक्कम खात्यात आली. ती फार मोठी नव्हती. मेसेज आला तेव्हा ती चुलीपाशी बसली होती, मी वाचून दाखवला तर ती म्हणली, म्हणजे सरकारला कळलं व्हय माझ्यासोबत असं झालं म्हणून? पैशाचं तिनं नंतर विचारलं.

आता जे टाक्यांसोबत बरं झालं नाही त्याचं. अक्काला झोप येत नव्हती. झोपली तर दचकून उठायची आणि दाजींचा हात चाचपडायची. कुत्रं भुंकलं की सगळ्या लाइटी लावायची. आणि आमच्याकडं तो सीझन म्हणजे ऊसतोडीचा, रस्त्यानं टोळ्यांच्या गाड्या चाललेल्या, गाडीच्या साट्याला कोयता खोचलेला, तो बघितला की हिचे हातपाय गार पडायचे, एकदा बसस्टँडवर चक्कर येऊन पडली. घरातला कोयता मी उचलून दुकानात आणून ठेवला, तो अजून इथंच आहे. गावात म्हणायला लागले भीती बसली, उतारा टाका, अमक्याकडं न्या. माझ्या मायनं तिला दोन ठिकाणी नेलं पण. मी मायशी भांडलो नाही. तिची लेक होती ती, तिला काहीतरी करायचं होतं आणि तिला तेवढंच माहीत होतं. मी एवढंच म्हणलं, माय तू तुझं कर, मी माझं करतो.

मी १४४१६ ला फोन लावला. मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, टेलिमानस म्हणतात, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालंय, फुकट आहे, रात्री बेरात्री पण उचलतात आणि मराठीत बोलतात. अक्का बोलेना, फोन नुसता कानाला धरून बसली. पलीकडच्या ताई म्हणल्या बोलू नका, मी लाइनवर आहे. पाच सात मिनिटं काही नाही. मग अक्कानं विचारलं, मला वेड लागलंय का? त्या ताईंनी काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण अक्का रडायला लागली, घटनेनंतर पहिल्यांदा, आणि त्या रात्री चार तास सलग झोपली. पुढं त्यांनीच मनोविकार ओपीडीला जायला सांगितलं. सरकारी दवाखान्यात ही ओपीडी असते, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसं असतात. लोक तिला वेड्याचा डॉक्टर म्हणतात म्हणून कुणी रांगेत उभं राहत नाही. तिथल्या डॉक्टरांनी अक्काला समजेल असं सांगितलं, की बाई, कोयता डोक्यावर एकदा बसला पण मेंदू तो रोज पुन्हा पुन्हा दाखवतोय, त्याला अजून कळालं नाही की ते संपलंय, आपण त्याला हळूहळू कळवू. गोळ्या सहा महिने चालल्या. आता रोजच्या नाहीत.

दाजींचं दुखणं वेगळं. त्यांना भीती कमी आणि लाज जास्त. बायको वाचवायला मधी पडली, लेकरांसमोर बैलाचा कासरा धरता येईना, शर्टाचं बटण लावता येईना, चहाचा कप डाव्या हातानं. जेवायला आमच्यासोबत बसायचेच नाहीत. फिजिओथेरपीवाल्या पोरीनं त्यांना रबरी बॉल दाबायला दिला होता, तो ते दोन दिवस दाबायचे आणि फेकून द्यायचे. मग तिनंच एक दिवस विचारलं, घरी भाकरीचं पीठ कोण मळतं? ज्वारीचं पीठ, कोमट पाणी, रोज सकाळी दहा मिनिटं, तळव्याच्या टाचेनं दाबायचं आणि बोटांनी गोळा करायचा. पहिल्या दिवशी दाजींनी दार लावून घेतलं होतं. पीठ परातीच्या बाहेर, अर्धं जमिनीवर, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वळतच नव्हतं. अक्का दाराबाहेर बसून राहिली, आत गेली नाही.

मधल्या काळात मिटवून घ्या सुरू झालं. हे प्रत्येकाला ऐकावं लागतं. आधी लांबचे नातेवाईक, मग पारावरची मोठी माणसं, भावकी आहे, एका बांधाला राहायचंय, तो दोन लाख द्यायला तयार आहे, लेकराबाळांचा विचार करा. जीवे मारण्याचा प्रयत्न म्हणजे नव्या न्याय संहितेतलं १०९, आणि घातक हत्यारानं गंभीर दुखापत हे ११८ मधलं, ही आपसात मिटवता येणारी कलमं नाहीत. मिटवायचं म्हणजे एकच अर्थ असतो, साक्ष फिरवा. वकिलांनी अक्काला हे सरळ सांगितलं आणि निर्णय तिच्यावर सोडला.

त्यातच ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला. सगळा जिल्हा हादरला, आमच्या घरात तर कुणी दोन दिवस नीट जेवलं नाही. अक्का म्हणली सरपंचाला सोडलं नाही, आपण कोण. तेव्हा वकिलांनी साक्षीदार संरक्षण योजनेचं सांगितलं. २०१८ साली सुप्रीम कोर्टानं ती देशभर लागू केली. जिल्हा न्यायाधीशांच्या समितीपुढं अर्ज द्यायचा, पोलीस धोका किती आहे याचा रिपोर्ट देतात, त्यावरून घराजवळ गस्त, तारखेला नेआण, असं काय काय ठरतं. आम्ही अर्ज दिला. कोण येऊन काय बोललं, तारीख वार वेळ, हे सगळं मी एका वहीत लिहीत गेलो होतो आणि ती वही फार उपयोगी पडली. तुम्ही पण लिहा. धमकी आली की त्याच दिवशी.

एक चूक आमची झाली ती सांगतो. आरोपीला जामीन मिळाला हे आम्हाला गावातून कळलं, तो पारावर बसलेला दिसला तेव्हा. पीडिताला जामिनाच्या वेळी सुद्धा आपलं म्हणणं मांडायचा हक्क आहे, सुप्रीम कोर्टानं २०२२ साली हे स्पष्ट केलंय. सरकारी वकिलाला मदत करायला आपला वकील ठेवता येतो. तपास कुठपर्यंत आला हे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत आपल्याला कळवायचं असतं. आम्ही गप्प बसलो, वाटलं विचारलं तर साहेब चिडतील. विचारायचं. लेखी विचारायचं आणि पोच घ्यायची.

आता दुकानात असे कागद घेऊन येणारे मला ओळखू येतात, महिन्यात दोन तीन तरी. प्रत्येकाचं वेगळं असतं. एका तरण्या बाईच्या नवऱ्याचा खून झाला होता, दोन लहान पोरी. तिला खटल्यातलं काहीच नको होतं, तिला महिन्याचं पीठमीठ पाहिजे होतं. तहसीलला संजय गांधी निराधारचा अर्ज केला, महिना १५०० रुपये. दारिद्र्यरेषेखालची म्हणून कमावता माणूस गेला त्याचे राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २०,००० मिळतात, तो पण. आणि पोरींसाठी बाल संगोपन, वडील नाहीत म्हणून एका लेकराला महिना २२५०, हे महिला व बालविकासच्या ऑफिसात. तीन ऑफिसं, तीन फायली, आणि तिन्हीकडं मृत्यूचा दाखला. दाखल्याच्या दहा कॉप्या एकदमच काढून ठेवा म्हणलं, प्रत्येक वेळी तो कागद बघायला लागू नये म्हणून.

दलित आदिवासी कुटुंबावर हल्ला झाला असेल आणि ॲट्रॉसिटी लागली असेल तर रस्ता समाजकल्याणकडून जातो. खून झाला असेल तर ८ लाख २५ हजार, त्यातले निम्मे पोस्टमॉर्टेमनंतर आणि निम्मे चार्जशीट कोर्टात गेल्यावर, म्हणजे निकालाची वाटच बघायची नाही. विधवेला पेन्शन आहे, साक्षीला जायचा प्रवासखर्च आहे. मराठवाड्यात हे माहीत नसलेलं घर नसावं असं मला फार वाटतं, पण वस्तीवर जाऊन विचारा, अर्ध्यांना फक्त कलम माहीत असतं.

आणि ज्या केसेसबद्दल कुणी मोठ्यानं बोलत नाही त्या बायांसाठी पोरींसाठी, २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे, बलात्कार, बालकांवरचे अत्याचार आणि ॲसिड हल्ला, १० लाखापर्यंत, आता तिचं काम पण विधी सेवा प्राधिकरणच बघतं. अशा बाईला कुठलाही दवाखाना, खाजगी सुद्धा, फुकट उपचार नाकारू शकत नाही, नाकारला तर तो गुन्हा आहे. ठाणं कोणतंही असो, हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही, झिरो एफआयआर घ्यावाच लागतो. घरी जायची सोय नसेल तर सखी वन स्टॉप सेंटर आहे, पाच दिवस राहता येतं, पोलीस डॉक्टर वकील समुपदेशक सगळे तिथंच बोलावतात. १८१ लावा, लेकराचं असेल तर १०९८, आत्ता जीवावर बेतलंय तर ११२. आणि दुकानवाल्या, सेतूवाल्या, सीएससीवाल्या माझ्या भावांनो, तिचं नाव बाहेर फोडणं हा कायद्यानं गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तिची पीडीएफ आपल्या कॉम्प्युटरवर ठेवू नका, तिच्यासमोर डिलीट करा आणि रिसायकल बिन पण रिकामी करून दाखवा. व्हॉट्सॲपवर मागवलेली असेल तर तिथून पण.

त्या मावशी परवा परत आल्या होत्या. एकट्याच. बीडला जायचं एकटीला जमेना म्हणल्या, तर आपल्या तालुक्याच्या कोर्टातच समिती आहे, बीडला जायची गरज नाही, मी सोबत येतो म्हणलं. गेलो. तिथं आत शिरताना त्यांनी मला विचारलं, तू माझा कोण म्हणून सांगू? मी म्हणलं भाऊ म्हणा.

अक्का या वर्षी कापूस वेचायला जाते, पण बांधाकडं पाठ करून वेचत नाही, सरी बदलली तरी तोंड तिकडंच असतं. दाजी सोबत असतात. त्यांची करंगळी अजून वळत नाही, डॉक्टर म्हणतात आता वळणार नाही. भाकरी थापायला जमत नाही, पीठ मात्र रोज सकाळी तेच मळतात, दार उघडं ठेवून, आणि धाकटी लेक शेजारी बसून तिचा छोटा गोळा करते. पुढच्या महिन्यात अक्काची साक्ष आहे. वकिलांनी तिला दोनदा रिकामं कोर्ट दाखवून आणलंय, पिंजरा कुठं, जज कुठं बसतात, आरोपी कुठं उभा राहील. तिनं त्या दिवशी नेसायची साडी काढून ठेवलीय. मी दुकान बंद ठेवणार आहे.